घाट संपल्यावरची डुलकी

शिरगावातील माझ्या दवाखान्यात गुरुवारची सकाळ इतर दिवसांसारखी नसते. प्रतिशिरडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या येथील साईमंदिरात मुंबई, ठाणे, पुणे अशा सर्व बाजूंनी भाविक येतात आणि त्यांतील काहींची पावले दर्शनानंतर माझ्याकडे वळतात. कोणाला घाटात उलट्या झालेल्या असतात, कोणाची रक्तदाबाची गोळी घरी राहिलेली असते, तर कोणाला उपाशीपोटी रांगेत उभे राहिल्याने भोवळ आलेली असते. आजार साधे असतात, औषधेही साधीच असतात.

काही महिन्यांपूर्वीच्या अशाच एका गुरुवारी, सकाळी साडेसातच्या सुमारास, डोंबिवलीहून आलेले एक कुटुंब दवाखान्यात आले. पाच वर्षांच्या मुलाला घाटापासून उलट्या होत होत्या. त्याची आई त्याला घेऊन आत आली. वडील बाहेरच्या बाकावर बसले होते, आणि बसल्या बसल्याच भिंतीला डोके टेकून गाढ झोपले होते. हातातील गाडीची किल्ली खाली पडली, तरी त्यांना जाग आली नाही.

मी बाईंना विचारले, “घरून किती वाजता निघालात?”

“तीनला. उशीर झाला की घाटात गर्दी लागते ना, डॉक्टर.”

“आणि हे झोपले किती वाजता?”

त्या थोड्या ओशाळल्या. “साडेअकराला कामावरून आले. मग जेवण, सामान... झोपलेच नाहीत म्हणा ना. आता लगेच परत निघायचंय. ह्यांची दुपारची पाळी आहे.”

मुलाला तपासले, औषध दिले, साखर-मिठाचे पाणी कसे पाजायचे ते सांगितले. मग वडिलांना उठवून आत बोलावले आणि म्हटले, “मुलाला औषध दिलंय, तो बरा होईल. पण आज खरी झोपेची गरज तुम्हाला आहे.” ते हसले आणि म्हणाले, “डॉक्टर, मला गाडी चालवताना कधी झोप येत नाही.”

हे वाक्य मी आजवर इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे, की आजचे सदर त्यालाच द्यावे असे वाटते. आपला मधुमेह, आपला रक्तदाब आपण यंत्रावर मोजून घेतो. झोप मात्र आपल्या मर्जीची चाकर आहे, नको म्हटले की ती बाहेर थांबते, असा आपला पक्का समज असतो. शरीरशास्त्र असे सांगत नाही.

प्रथम या रस्त्याविषयी. सोमाटणे फाटा आणि उर्से टोलनाका यांच्या परिसरात राहणाऱ्या आम्हा लोकांना यशवंतराव चव्हाण द्रुतगती महामार्ग हा शेजारी आहे. कळंबोली ते देहूरोडजवळच्या किवळ्यापर्यंतचा सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा हा सहापदरी काँक्रीटचा रस्ता २००२ साली पूर्णपणे खुला झाला. त्यावर दुचाकीला मज्जाव आहे, रिक्षाला मज्जाव आहे, पायी चालणाऱ्यालाही मज्जाव आहे. सिग्नल नाही, चौक नाही, समोरून येणारे वाहन नाही. जुन्या रस्त्यावर चालकाला सतत काही ना काही करावे लागे. मध्येच बैलगाडी येई, गावातला गतिरोधक येई, वळणावर हॉर्न द्यावा लागे. नव्या रस्त्याने हे सारे अडथळे दूर केले. प्रवास सोपा झाला, वेळ वाचला. पण त्याबरोबर चालकाचे मन गुंतवून ठेवणारी कामेही गेली. थकलेल्या मेंदूला एकसुरी रस्ता आणि इंजिनाचा एकसुरी आवाज अंगाईसारखा वाटतो.

आता या परिसरातील तीन मोठ्या अपघातांची वेळ पाहा. ५ जून २०१६ रोजी पनवेलजवळ शेडुंग येथे साताऱ्याहून मुंबईकडे निघालेली खासगी बस रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या दोन मोटारींवर आदळली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. वेळ पहाटेची होती. १४ ऑगस्ट २०२२ रोजी माजी आमदार विनायक मेटे यांचा माडप बोगद्याजवळ अपघाती मृत्यू झाला. ते बीडहून रात्रभराचा प्रवास करून मुंबईला निघाले होते आणि वेळ पहाटे पाचच्या आसपासची होती. १५ एप्रिल २०२३ रोजी बोरघाटात, जुन्या महामार्गावर शिंग्रोबाच्या देवळाजवळ, पुण्यातील कार्यक्रम आटोपून गोरेगावला परतणाऱ्या ढोल-झांज पथकाची बस दरीत कोसळली. त्यात १३ जण गेले, आणि बरीचशी तरुण मुले होती. वेळ पुन्हा पहाटेचीच.

या तिन्ही अपघातांची कारणे एकच होती असे मी म्हणत नाही. कारणांचा निवाडा करणे हे तपास यंत्रणांचे काम आहे. मी वैद्य आहे, म्हणून माझे लक्ष घड्याळाकडे जाते. पहाटेच्या त्या प्रहरी मानवी शरीराची काय अवस्था असते, ते मला सांगता येते.

झोप दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली गोष्ट म्हणजे जागरणाचा साठत जाणारा भार. आपण जागे असतो तोपर्यंत मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत राहते आणि झोपेची ओढ वाढत जाते. हे कर्ज झोपेनेच फिटते, अन्य कोणत्याही मार्गाने फिटत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचे आंतरिक घड्याळ. ते सूर्यप्रकाशाशी जुळलेले असते. मध्यरात्रीनंतर दोन ते पहाटे सहा या वेळात शरीराचे तापमान उतरते आणि सावधपणा दिवसातील सर्वांत खालच्या पातळीवर जातो. दुपारी एक ते चारच्या दरम्यानही तशीच, पण सौम्य उतरण असते. वामकुक्षीची आपली परंपरा काही उगीच पडलेली नाही. रात्रभर न झोपता पहाटे गाडी चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर ही दोन्ही ओझी एकाच वेळी येतात.

१९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाचे डोळे व हात यांचा मेळ जितका बिघडतो, तितकाच तो रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाचा बिघडतो, असे त्यांना आढळले. चोवीस तासांच्या जागरणानंतर तो ०.१० टक्क्यांइतका बिघडतो. आता आपला कायदा पाहा. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य असेल, म्हणजे ०.०३ टक्क्यांहून अधिक, तर तो गुन्हा आहे. सकाळी सहाला उठलेला, दिवसभर काम केलेला आणि रात्री अकरानंतर गाडीत बसलेला निर्व्यसनी माणूस, ज्याने आयुष्यात मद्याच्या थेंबाला स्पर्श केलेला नाही, तोसुद्धा त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत चाक हाती धरत असतो. फरक एवढाच, की त्याच्या तोंडाला वास येत नाही आणि त्याला कोणी अडवत नाही.

थकव्याने जी डुलकी लागते ती रात्रीच्या झोपेसारखी नसते. ती दोन, तीन, चार सेकंदांची असते. डोळे कधी कधी उघडेच असतात, मेंदू मात्र तेवढ्यापुरता बंद झालेला असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. म्हणजे चार सेकंदांत सुमारे ११० मीटर. फुटबॉलच्या मैदानाएवढे अंतर, आणि चाकावर कोणीच नाही. शिवाय झोपलेला माणूस ब्रेक दाबत नाही. म्हणून अशा अपघातात धडक पूर्ण वेगाने बसते. आपल्याला डुलकी लागून गेली हे पुष्कळदा चालकाला कळतही नाही. “मला झोप येत नाही” असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. ती येऊन गेल्याची नोंदच त्याच्यापाशी नसते.

हे मी पुस्तकातून शिकलो, पण पटले ते स्वतःच्या अनुभवाने. काही वर्षांपूर्वी माझे वडील मुंबईत रुग्णालयात होते. सकाळचा दवाखाना करून मी दुपारी तिकडे गेलो आणि रात्री अकराला परत निघालो. मला सर्दी होती, म्हणून संध्याकाळी सेटिरिझिनची एक गोळी घेतली होती. पत्नी शेजारी बसली होती. घाटात मी अगदी सावध होतो. वळणे होती, मालमोटारी होत्या, गिअर बदलावे लागत होते. खंडाळा-लोणावळा मागे पडले, रस्ता सरळ झाला आणि मन सैल पडले. आता घर अर्ध्या तासावर आले, असे वाटले. कामशेतच्या बोगद्यात शिरल्याचे मला आठवते. त्यातून बाहेर पडल्याचे आठवत नाही. मला जाग आली ती पत्नीच्या ओरडण्याने आणि डाव्या चाकांखाली कडेच्या पट्ट्यांच्या खडखडाटाने. पुढे कडेला एक मालमोटार उभी होती. तिचे मागचे दिवे बंद होते. आमच्या गाडीत आणि तिच्यात किती अंतर उरले होते ते मी त्या रात्री मोजले नाही आणि पुढे कधी आठवण्याचा प्रयत्नही केला नाही.

पत्नी घरी पोहोचेपर्यंत काही बोलली नाही. दारात गाडी उभी केल्यावर एवढेच म्हणाली, “ती गोळी तुम्ही रुग्णांना देता, तेव्हा गाडी चालवू नका असं सांगता ना?”

मी सांगत नव्हतो. घाईच्या दवाखान्यात सर्दीच्या गोळीबरोबर एवढे एक वाक्य माझ्याकडून राहून जात असे. तेव्हापासून मी ते चिठ्ठीवर मराठीत लिहितो. आपल्या घरातील कोणत्या औषधांनी सुस्ती येते, ते वाचकांनीही लक्षात ठेवावे. सर्दी, शिंका व खाज यांवरील क्लोरफेनिरामिन, सेटिरिझिन यांसारखी औषधे, खोकल्याची काही पातळ औषधे, गाडी लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, झोपेच्या व घबराटीवरच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या, आणि दुखण्यावरची काही तीव्र औषधे ही त्यांतील नेहमीची. मूल गाडीत उलटी करते म्हणून त्याच्याबरोबर वडिलांनीही तीच गोळी घ्यायची, हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. चालकाने ती घेऊ नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी जेवण चुकवून गाडी चालवू नये. रक्तातील साखर उतरली की येणारा गोंधळ आणि ग्लानी वरवर झोपेसारखीच दिसते. अशांनी निघण्यापूर्वी साखर तपासावी, गाडीत हाताशी साखर किंवा ग्लुकोज ठेवावे आणि घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखे वाटताच गाडी सुरक्षित जागी थांबवावी. आपल्या डॉक्टरांना “मी गाडी चालवतो” असे आपण होऊन सांगावे. आम्ही ते विचारायला हवे, पण आम्ही विसरतो.

आणखी एक गोष्ट मी बरीच वर्षे विसरत होतो. आमच्या भागातील एक चालक रात्रपाळीच्या कामगारांची ने-आण करतात. वय पंचेचाळीसच्या पुढे, अंगाने स्थूल, मान आखूड. व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र ते माझ्याकडून घेत. मी डोळे तपासत असे, कान तपासत असे, रक्तदाब पाहत असे, फेफरे येते का ते विचारत असे आणि सही करत असे. एकदा त्यांच्या पत्नी स्वतःच्या गुडघ्यासाठी आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, “डॉक्टर, ह्यांच्या घोरण्यानं मला झोप नाही. आणि मधेच श्वासच थांबतो हो. मी उठून हलवते, मग पुन्हा सुरू होतो. भीती वाटते.”

मला त्या क्षणी माझ्या सह्या आठवल्या.

या विकाराला झोपेतील श्वासरोध म्हणतात. घशातील मऊ भाग सैल पडून श्वासाची वाट बंद होते, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो, श्वास सुरू होतो आणि पुन्हा तेच. एका तासात असे अनेकदा घडते. माणसाला वाटते, आपण आठ तास झोपलो. प्रत्यक्षात त्याला गाढ झोप मिळालेलीच नसते. म्हणून तो दिवसा पेंगतो, सकाळी त्याचे डोके दुखते, रक्तदाब आटोक्यात येत नाही, आणि स्थिर बसले की डोळे मिटतात. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास थांबल्याचे दुसऱ्याने पाहणे, दिवसा पेंग येणे, उच्च रक्तदाब, स्थूलता, पन्नाशीपुढील वय, मानेचा घेर ४० सेंटिमीटरहून अधिक असणे या खुणा आहेत. यांतील तीन किंवा अधिक खुणा असतील तर झोपेची तपासणी करून घ्यावी.

त्या गृहस्थांना मी बोलावले. आजाराचे नाव ऐकून ते घाबरले नाहीत. घाबरले ते निराळ्याच गोष्टीला. “डॉक्टर, हे कागदावर आलं तर माझी गाडी जाईल. मुलीचं शिक्षण चालू आहे.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी त्यांना सांगितले, “दादा, तुमच्या गाडीत रोज दहा-बारा जणांच्या मुली आणि मुलगे बसतात. उपचार होईपर्यंत मला सही करता येणार नाही. पण हा आजार बरा होण्याजोगा आहे, आणि उपचार सुरू झाले की मीच पुन्हा सही करीन.” त्यांच्या मालकांशीही त्यांच्या संमतीने बोललो. त्यांना काही आठवडे गाडीऐवजी आवारातील काम मिळाले. तपासणी झाली, रात्री नाकावर लावायचे हवेच्या दाबाचे यंत्र आले, वजनही हळूहळू उतरू लागले. महिन्याभराने ते आले आणि म्हणाले, “डॉक्टर, झोप म्हणजे काय असते ते मी विसरूनच गेलो होतो.” आज ते पुन्हा गाडी चालवतात. सर्वांच्याच बाबतीत मालक इतके समजूतदार असतील असे नाही, हे मी जाणतो. तरीही ही गोष्ट लपवण्यापेक्षा सांगणे चालकाच्याच हिताचे आहे.

आता झोप घालवण्याच्या आपल्या नेहमीच्या युक्त्यांविषयी. खिडकीची काच खाली करणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे, तंबाखूची चिमूट धरणे, शेंगदाणे चघळणे. यांनी पाच-दहा मिनिटे बरे वाटते, पण झोपेचे कर्ज जसेच्या तसे राहते. धोका हा, की या युक्त्यांच्या भरवशावर माणूस आणखी वीस किलोमीटर पुढे रेटतो. चहा-कॉफीचा उपयोग काही प्रमाणात होतो, पण त्यांचा परिणाम जाणवायला वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणून कप रिकामा करून लगेच गाडी चालू करण्यात अर्थ नाही.

खरा उपाय एकच, तो म्हणजे झोप. आणि तो तितकासा अवघड नाही. डोळे जड होणे, वारंवार जांभया येणे, मान खाली जाणे, गाडी मार्गिकेच्या पट्ट्यावर जाणे, मागचे दोन-चार किलोमीटर आठवेनासे होणे ही लक्षणे दिसली, की पुढच्या सुरक्षित थांब्यावर गाडी घ्यावी. एक कप कॉफी किंवा चहा प्यावा आणि लगेच पंधरा ते वीस मिनिटे गाडीत झोपावे, गजर लावून. जाग येईपर्यंत कॉफीचाही परिणाम सुरू झालेला असतो. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटे फिरावे, तोंड धुवावे आणि मगच निघावे, कारण झोपेतून उठल्या उठल्या मेंदू काही वेळ मंदच असतो. या डुलकीने तास-दीड तासाची सोय होते. रात्रभराच्या झोपेची भरपाई तिने होत नाही.

थांबायचे कोठे, हेही महत्त्वाचे. खालापूरसारख्या ठिकाणचे फूड मॉल, पेट्रोल पंपाचे आवार, नाहीतर सरळ महामार्ग सोडून लोणावळा किंवा तळेगावात उतरावे. महामार्गाची कडेची मार्गिका झोपायची जागा नव्हे. शेडुंगच्या अपघातातील मोटारी टायर पंक्चर झाल्यामुळे कडेला थांबल्या होत्या, ही गोष्ट विसरू नये. गाडी खरोखरच बंद पडली, तर ती शक्य तितकी डावीकडे घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत, सर्वांनी डाव्या बाजूने उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे आणि ११२ वर मदत मागावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे.

कुटुंबाने काय करावे? निघण्याची वेळ गर्दीवरून ठरवू नये, चालकाच्या झोपेवरून ठरवावी. आदल्या रात्री चालकाने सात तास झोप घ्यावी. सामान भरणे हे काम त्याच्याकडे देऊ नये. पहाटे तीनला निघून गर्दी टाळण्यापेक्षा सहाला निघून घाटात अर्धा तास रखडलेले बरे. दर दोन तासांनी पंधरा मिनिटांचा थांबा घ्यावा. पुढच्या आसनावर बसणाऱ्याने झोपू नये. त्याचे काम चालकाकडे लक्ष ठेवण्याचे आहे. आणि घरातील कोणी “थांबू या” म्हटले, तर थांबावे. पुरुषांना हे कमीपणाचे वाटते, असे मी वारंवार पाहिले आहे. त्यात कमीपणा काही नाही.

भाड्याची गाडी घेऊन लग्नाला किंवा देवदर्शनाला जाणारी मंडळी आणखी एका माणसाला विसरतात. वऱ्हाड कार्यालयात पंगतीला बसते, आणि चालक बाहेर गाडीत, उन्हात, अर्धवट जेवून, पाय दुमडून पडलेला असतो. मग रात्री अकराला आपण त्याला म्हणतो, “चला दादा, सकाळपर्यंत पोहोचायचंय.” मोटार वाहतूक कामगारांसाठीचा १९६१ चा कायदा दिवसाला आठ तासांचे काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगत असे. आपल्या लग्नकार्यात असे कायदे कोणी वाचत नाही. निदान एवढे करावे, की वऱ्हाडाच्या खोल्यांत एक खाट चालकासाठी राखून ठेवावी आणि त्याला आधी जेवू घालावे. आपल्या साऱ्या घराचा जीव त्या रात्री त्याच्या डोळ्यांवर असतो.

आणि पट्टा. झोपलेला चालक ब्रेक दाबत नाही, म्हणून पट्ट्याचे महत्त्व येथे दुप्पट होते. मागे बसणाऱ्यांनीही तो बांधावा. कायद्याने तो आवश्यक आहेच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. त्याचे कारण झोप नव्हते, पण त्यात मागे बसलेले दोघे गेले आणि पुढे बसलेले दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टा बांधला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागचे आसन सुरक्षित असते, ही समजूत आता सोडावी.

आमचा हा शेजारी रस्ता पूर्वीपेक्षा सुधारला आहे, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. २०१६ साली त्यावर १५१ माणसे दगावली होती. त्याच सुमारास ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ ही संस्था, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून मृत्यू शून्यावर आणण्याचा उपक्रम हाती घेतला. दुभाजकाशी तारदोरांचे कठडे आले, धोक्याच्या जागा दुरुस्त झाल्या, आणि २०१९ पर्यंत हा आकडा शंभराच्या आत आला. २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणाही आली आहे. पण कॅमेऱ्याला वेग दिसतो, मार्गिका दिसते, न बांधलेला पट्टा दिसतो. चालक किती तासांचा जागा आहे, ते त्याला दिसत नाही. ते घरच्या माणसांना ठाऊक असते.

त्या गुरुवारी डोंबिवलीच्या गृहस्थांना मी आतल्या खाटेवर आडवे व्हायला सांगितले. ते कुरकुरत म्हणाले, “बरं, पण वीस मिनिटांत उठवा.” वीस मिनिटांनी त्यांच्या पत्नीने दारातून डोकावून पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी मुलाला बाहेर आंब्याच्या सावलीत नेले, आणि तेथूनच नवऱ्याच्या कामाच्या ठिकाणी फोन करून आज यायला उशीर होईल असे कळवले. ते दोन तास झोपले. उठल्यावर आधी घड्याळाकडे पाहून रागावले, मग चहा घेतला. गाडीत बसण्यापूर्वी त्यांनी मागच्या आसनाचा पट्टा ओढून पाहिला आणि म्हणाले, “डॉक्टर, येताना घाटापर्यंतचं सगळं आठवतंय. पण घाटानंतर आपण इथं कसे आलो, ते काही आठवत नाही.”

मला ते चांगलेच समजले होते. मी त्यांना सावकाश जा म्हणालो.